परवाना मिळाल्यानंतरची दोन वर्षे

इंडिगोने २०२३ साली ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हापासून महाराष्ट्रात बारावी झालेल्या मुलांच्या घरी वैमानिकाच्या पेशाविषयी जोरात चर्चा चालते. एक बाजू कॅप्टनचा पगार सांगते, तर दुसरी किंगफिशर, जेट आणि गो फर्स्ट या बंद पडलेल्या कंपन्यांची नावे घेते. मी डॅलसजवळ राहतो. डेंटनच्या विमानतळावर प्रशिक्षणाची छोटी विमाने दिवसभर चढउतार करत असतात आणि त्यांत आपल्याकडची मुलेही शिकत असतात. त्यांच्याशी बोलल्यावर मला वाटते की खरा प्रश्न कॅप्टनच्या पगाराचा नसून परवाना मिळाल्यापासून पहिली नोकरी लागेपर्यंतच्या काळाचा आहे.

भारतात २०० तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळतो आणि निवड झाल्यास तोच मुलगा थेट एअरबसच्या सहवैमानिकाच्या खुर्चीत बसू शकतो. निवड झाली नाही, तर मात्र मधली पायरीच नाही, कारण लहान विमानांवरच्या नोकऱ्या आपल्याकडे फार थोड्या आहेत. परवाना चालू ठेवायला पुन्हा स्वतःच्या पैशाने उडावे लागते, टाइप रेटिंगचे, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेचे, लाखो रुपये वेगळे, आणि तोवर घर किंवा शेत तारण ठेवून काढलेल्या कर्जाचे व्याज चढत राहते. बापाची सारी मिळकत ज्या काळात टांगणीला लागते, त्याविषयी या चर्चेत कोणी बोलत नाही, हे मला अस्वस्थ करते.

अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० माणसे दगावली आणि पुढे प्रवासी विमान कंपनीतल्या सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांची अट लागू झाली. त्या विमानातल्या दोघांकडेही त्याहून अधिक तास होते, त्यामुळे ही अट सुरक्षेसाठी कितपत उपयोगी, यावर इथे अजून वाद आहे. पण तिच्यामुळे एक पायरी भक्कम झाली: नवा वैमानिक प्रशिक्षक होतो, पगार थोडा असला तरी मिळवतो आणि तास त्याच्या खर्चाने नव्हे, तर नोकरीतून भरतात. आपल्या मुलांना ही पायरी फारशी लाभत नाही. काहींना व्हिसाच्या मर्यादेत काही काळ शिकवता येते, परंतु विमान कंपनीची नोकरी बहुधा इथे कायम काम करण्याचा हक्क असलेल्यांनाच मिळते. बाकीचे परत जातात, भारतीय परवान्यासाठी परीक्षा देतात आणि त्याच रांगेत उभे राहतात.

अमेरिकेतले सगळे चांगले, असे मात्र नाही. इथे वैमानिकाला आठवड्यात सलग ३० तासांची विश्रांती द्यावी लागते, तर भारताच्या नव्या नियमांत ती ४८ तासांची आहे आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली आहे. हे नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. नियम कडक होता म्हणून ती सूट द्यावी लागली, असे मला वाटत नाही. पुरेशी माणसे आधी घेतली नव्हती. एकीकडे परवानाधारक मुले घरी बसलेली आणि दुसरीकडे कंपनीत वैमानिक अपुरे, ही विसंगती पालकांनी नीट पाहावी.

माझ्या मते हा पेशा करण्याजोगा आहे, पण राहते घर तारण ठेवून नव्हे. कंपनीच्या कॅडेट योजनेत, म्हणजे कंपनी प्रशिक्षणाआधीच उमेदवार निवडते अशा योजनेत, निवड झाली असेल, किंवा परवान्यानंतर दोन वर्षे कमाईशिवाय काढण्याची घराची ऐपत असेल, तरच त्यात उतरावे. बारामती, धुळे किंवा गोंदियाच्या संस्थेत शुल्क भरण्याआधी क्लास वन वैद्यकीय तपासणी उरकून घ्यावी; ती तपासणी पुढेही ठरावीक मुदतीने होत राहते आणि तीत अपात्र ठरल्यास चाळिशीतला कॅप्टनही त्या दिवसापासून उडू शकत नाही. अशा अपात्रतेसाठीचा विमा कर्ज काढतानाच हिशेबात धरावा.