खुलासा: शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो?

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या इतिहासाच्या टिपणांतून एक सूत्र सर्रास फिरते आहे: शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन. हे अर्धेच खरे. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ चा, म्हणून १६७४. पण शासनमान्य शिवजन्मतिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१. तिथे ७८ मिळवले तर १६२९ येते. बरोबर साल १६३०. पौषात सर्वाधिक घोटाळा होतो, कारण हा महिना बहुधा डिसेंबर-जानेवारीत विभागलेला असतो. तिथे जंत्री (तिथी-तारखांचे कोष्टक) पाहिल्याशिवाय साल लिहूच नये.

इंग्रजांची पत्रे वापरताना आणखी एक खबरदारी हवी. १७५२ पूर्वी त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे पत्रावरचा फेब्रुवारी १६७३ हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६७४ असू शकतो. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतली तारीख तेव्हा इंग्रजांच्या तारखेपेक्षा १० दिवस पुढे: राज्याभिषेकाचा ६ जून त्या गणनेत १६ जून. असा फरक दिसला म्हणून लगेच एक साधन खोटे ठरवू नका. आधी कोणती कालगणना आहे ते पाहा.