घड्याळ न बघता राबली म्हणे!

आज ऑफिसात ट्रेनिंगला आलेल्या साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं की इंग्लंड मोठं झालं कारण तिथली माणसं घड्याळ न बघता राबली. हॉलभर टाळ्या! माझं डोकं अजून ठणकतंय.

अहो पण राबलं कोण, ते सांगा ना. मँचेस्टरच्या आसपासच्या सूतगिरण्यांत पोरं राबली. चालू यंत्राखाली सरपटत जाऊन सांडलेला कापूस गोळा करायचा, कारण मोठं माणूस तिथे मावायचं नाही. १८३३ ला कायदा आला की ९ वर्षांखालचं पोर कापडगिरणीत ठेवायचं नाही आणि ९ ते १३ च्या पोरांना दिवसाला ९ तासच काम. ही सुधारणा बरं का! आणि ती राबवायला अख्ख्या देशात इन्स्पेक्टर चार.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या खडखडाटात, होते. मागून हाक मारली तर ऐकू यायचं नाही, पण समोर बसून आम्ही कुजबुजलो तर ओठांवरून सगळं कळायचं. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या साच्यांवरच्या बायकासुद्धा त्या आवाजात अशाच ओठ वाचून बोलायच्या हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते.

आणि मालकांचं म्हणणं काय, तर नॅसॉ सीनियर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १८३७ ला हिशेब मांडला की गिरणीचा सगळा नफा शेवटच्या तासात निघतो, तो तास काढला की धंदा बसला. पुढे १८४७ ला बायकांना आणि १८ च्या आतल्या पोरांना १० तासांची मर्यादा आलीच. बसला का धंदा? उलट वाढला! आजही तेच रडगाणं, फक्त पीपीटीवर.

हो, कापड स्वस्त झालं, मान्य. अमेरिकेत लॉवेलच्या गिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुलींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला, हेही मान्य, त्याचं मला खरंच अप्रूप वाटतं. पण त्याच मुली १८३४ ला पगार कापला म्हणून आणि १८३६ ला राहण्याजेवणाचा खर्च वाढवला म्हणून काम टाकून रस्त्यावर आल्या होत्या. घरापासून लांब, मागे कुणी नाही, तरी आल्या. आमच्या हॉलमध्ये एकाने तोंड उघडलं नाही. मीही त्यात आले, नोकरी सगळ्यांनाच हवी असते.

आजोबांची कानाची तक्रार कधी ऐकली नाही आम्ही. त्यांचं फक्त एकच, रविवारी कुणी कामाचं नाव काढायचं नाही. तो रविवारही फुकट नाही आला, नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली तेव्हा १८९० ला मिळाला. रविवारी "जरा लॉगिन करतेस का" असा मेसेज आला तर यापुढे मी उत्तर देणार नाही, आणि माझ्या टीममधल्या पोरापोरींनाही तसा मेसेज जाणार नाही.