पीओपीची मूर्ती, बादलीभर पाणी आणि चुकीचा सोडा

गणपती जवळ आले की हा मेसेज दरवर्षी नव्याने फिरू लागतो. यंदा तो मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने किराणा दुकानातून खायच्या सोड्याची पाच पाकिटं आणून विसर्जनासाठी वेगळी काढून ठेवली. आता मात्र मुद्दे धरून उत्तर देणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा: बादलीभर पाण्यात खायच्या सोड्याचं एक पाकीट टाका, पीओपीची म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती रात्रभर त्यात ठेवा, सकाळी ती पूर्ण विरघळलेली असेल. ते पाणी तुळशीला आणि परसबागेला घाला, उत्तम खत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हे सिद्ध केलं आहे. पीओपी म्हणजे निसर्गातलंच जिप्सम, त्याने प्रदूषण होत नाही, उलट शाडूच्या गाळानेच नद्या भरतात. आणि कोर्टाने बंदी उठवली आहे, तेव्हा पीओपीची मूर्ती कुठेही विसर्जित करा.

आधी प्रयोगशाळेचं बघू, कारण सगळा मेसेज तिच्या नावावर उभा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, पीओपीच्या मूर्तीच्या घरगुती विसर्जनाची पद्धत दिली हे खरं. पुणे महापालिकेने त्यासाठी लागणारी पावडर नागरिकांना मोफत वाटली हेही खरं. पण ती पावडर अमोनियम बायकार्बोनेटची. आपण भज्यांत चिमूटभर घालतो तो खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. अमोनियम बायकार्बोनेट बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात, त्यामुळे बोलताना आणि लिहिताना त्यालाही कुणी ‘खायचा सोडा’ म्हटलं आणि तिथून घोळ सुरू झाला असावा. दुसरी गोष्ट प्रमाणाची. एनसीएलच्या पद्धतीत पावडर मूर्तीच्या वजनाइतकी लागते. मूर्ती २ किलोची तर पावडर २ किलो. ‘एक पाकीट’ कुणी सांगितलेलं नाही.

हे प्रमाण असं का, ते समजून घेतलं तर असल्या मेसेजवर पुन्हा विश्वास बसणार नाही. जिप्सम हे खनिज साधारण १५० अंशांवर भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी मिळते. मूर्तिकार तिच्यात पाणी कालवून साच्यात ओततो, ती ते पाणी परत धरून ठेवते आणि घट्ट होते. म्हणजे वाळलेली मूर्ती पुन्हा जिप्समचीच झालेली असते, आणि ती घट्ट झाली आहे तीच पाण्यामुळे. नुसत्या पाण्यात ती सुटणार कशी? एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम २ ते अडीच ग्रॅम विरघळतं. २० लिटरच्या बादलीत फार तर ५० ग्रॅम. २ किलोची मूर्ती नुसत्या पाण्यात विरघळवायची तर ८०० लिटरहून जास्त पाणी हवं, आणि तेही सतत ढवळत.

म्हणून रासायनिक क्रिया घडवावी लागते. जिप्सम आणि अमोनियम बायकार्बोनेट यांच्यापासून दोन पदार्थ तयार होतात: तळाशी बसणारी कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीची, पांढरी भुकटी आणि पाण्यात विरघळलेलं अमोनियम सल्फेट. सोबत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. हिशोबाने १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागतं, म्हणजे जवळजवळ वजनास वजन.

आता खायच्या सोड्याचं. एवढं मान्य करायला हवं की तोही जिप्समवर क्रिया करतो आणि त्यातूनही चुनखडी बनते. अर्धवट खऱ्या गोष्टीवरच असे मेसेज टिकतात. पण इथेही लागणारं वजन जवळपास मूर्तीइतकंच आहे. १०० ग्रॅमचं पाकीट साधारण १०० ग्रॅम मूर्तीला पुरतं. मावशीच्या पाच पाकिटांत २ किलोच्या मूर्तीचा जेमतेम चौथा हिस्सा सुटेल. सकाळी बादलीत रंग उडालेली, नाकडोळे पुसट झालेली, आतून मात्र दगडासारखी शाबूत मूर्ती निघेल. मग घरातल्या माणसांनी काय करायचं? अशीच अर्धवट मूर्ती संकोचाने पिशवीत घालून नदीकाठी किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून दिली जाते. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस जिची पूजा केली तिची ही गत व्हावी, यासारखं वाईट दुसरं काही नाही.

पण सगळ्यांत घातक वाक्य आहे ते तुळशीचं. खायच्या सोड्याच्या क्रियेतून खत बनत नाही, सोडियम सल्फेट बनतं. २० लिटर पाण्यात पाच पाकिटांची क्रिया पूर्ण झाली तर दर लिटरला २० ग्रॅमहून जास्त सोडियम सल्फेट त्यात असेल. हे खारं पाणी कुंडीत गेलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. माती ओली असूनही झाड सुकल्यासारखं मान टाकतं, पानांच्या कडा करपतात, मातीवर पांढरा थर धरतो. त्याहून वाईट म्हणजे सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, माती चिकट बनते आणि पाणी मुरायचं थांबतं. ज्यांच्याकडे चोपण, म्हणजे सोडियम साचलेली, जमीन आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. चोपण जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतात ते नेमकं कशासाठी? जिप्सममधलं कॅल्शियम मातीत शिरतं, सोडियम बाहेर पडून सोडियम सल्फेट होतं आणि मग भरपूर पाणी देऊन ते निचऱ्यावाटे धुऊन काढतात. शेतकरी जे शेतातून बाहेर घालवण्यासाठी पैसे आणि पाणी खर्च करतो, तेच हा मेसेज तुम्हाला घरी बनवून तुळशीवृंदावनात ओतायला सांगतो.

योग्य पावडर वापरली तरी पाणी थेट झाडाला घालायचं नाही. अमोनियम सल्फेट हे खत आहे, त्यात सुमारे २१ टक्के नत्र असतं. पण २ किलोच्या मूर्तीतून सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट तयार होतं. २० लिटर पाण्यात ते म्हणजे दर लिटरला ७५ ग्रॅम. कुंडीतल्या झाडाला लिटरमागे १ ते २ ग्रॅम पुरे. म्हणजे हे पाणी किमान ५० पट पातळ करायला हवं: १० लिटर साध्या पाण्याच्या बादलीत त्यातलं २०० मिली, एक पेलाभर. तेही फुलझाडांना, शोभेच्या झाडांना. मूर्तीचे रंग त्या पाण्यात उतरलेले असतात, म्हणून तुळस, कढीपत्ता, मेथी, टोमॅटो, जे जे तोंडात जातं त्याला नाही.

पद्धत नीट करायची असेल तर ती अशी.

मूर्तीचं वजन विकत घेतानाच करून लिहून ठेवा. उत्तरपूजा झाली की हार, दूर्वा, वस्त्र, मुकुट, चिकटवलेले खडे आणि टिकल्या सगळं उतरवा. मूर्ती पूर्ण बुडेल एवढी प्लास्टिकची बादली किंवा पिंप घ्या. तांब्या-पितळेचं घंगाळ वापरू नका. देवाचं काम म्हणून कुणीतरी हौसेने ते काढतं, पण अमोनिया तांब्याला खातो, भांडं खराब होतं आणि पाणी निळसर होऊन त्यात तांबं उतरतं. पाणी साधं घ्या, गरम नको. अमोनियम बायकार्बोनेट ४० अंशांच्या आतल्या तापमानालाच विघटित होऊ लागतो आणि उडून जातो. पावडर लवकर विरघळावी म्हणून गरम पाणी घालणाऱ्यांच्या हाती फक्त वास लागतो. त्याच कारणाने वर्षभर उघडं पडलेलं जुनं पाकीट घेऊ नका. पाकीट खरं की खोटं हे ओळखायला वासच पुरेसा आहे. अमोनियम बायकार्बोनेटचा वास नाकाला झोंबतो, खायच्या सोड्याला वास नसतो.

निम्मी पावडर आधी विरघळवा, मूर्ती ठेवा, उरलेली थोड्या वेळाने घाला. बादली गच्चीत किंवा खिडक्या उघड्या असलेल्या गॅलरीत ठेवा, बंद न्हाणीघरात नको. झाकण गच्च लावू नका, वायू बाहेर पडायला वाट हवी. मुलांना आणि दमेकऱ्यांना दूर ठेवा.

यानंतर बहुतेक लोक चुकतात ते ढवळण्यात. क्रिया मूर्तीच्या पृष्ठभागावर होते आणि तयार झालेली चुनखडी तिथेच साय धरल्यासारखी चिकटते. ती बाजूला झाली नाही तर आतल्या जिप्समपर्यंत द्रावण पोहोचत नाही आणि काम थांबतं. दर दोन-तीन तासांनी लाकडी दांड्याने हलकेच ढवळायचं आणि सुटलेला थर झाडायचा. अशा रीतीने लहान मूर्तीला साधारण ४८ तास लागतात, ‘रात्रभर’ नाही. रंगाचा जाड थर किंवा वार्निश असेल तर आणखी वेळ जातो, कारण त्यातून पाणी आत शिरत नाही. मजबुतीसाठी घातलेला काथ्या शेवटी तसाच उरतो, तो आणि रंगाचे पापुद्रे गाळून काढा. तळाचा पांढरा गाळ मोरीत ओतू नका, पाइपमध्ये बसेल. तो वाळवून पालिकेच्या संकलन केंद्रावर द्या.

मेसेजमधलं बाकीचं पटकन उरकू.

पीओपी निसर्गातून येतं, जिप्सम स्वतः विष नाही, हे मान्य. पण नदीत पडलेली मूर्ती महिनोन्‌महिने तशीच राहते, तिचे तुकडे तळाशी साचतात आणि जे विरघळतं त्याने पाणी जड होतं. वर रंग असतात, आणि स्वस्त रंगांत शिशासारखे धातू असू शकतात. भाजलेलं जिप्सम निसर्गाचं म्हणून नदीला चालतं, हा युक्तिवाद चुकीचाच आहे.

शाडूबद्दलचा अर्धा भाग बरोबर आहे. शाडू विरघळत नाही, विरते. तिचे कण सुटे होऊन गाळ म्हणून खाली बसतात. हजारो मूर्ती एकाच तळ्यात गेल्या तर गाळ साचतोच, म्हणून शाडूही घरी बादलीतच विसर्जित करावी हे उत्तम. पण शाडूला पावडर लागत नाही, वास नाही, हिशोब नाही. कच्ची आणि हलक्या रंगाची मूर्ती काही तासांत बसते. वरचं पाणी काढून, माती चाळून, मळून ठेवली तर पुढच्या वर्षी तिच्यातूनच पुन्हा मूर्ती घडते. शाडू जड असते, प्रवासात तिला तडा जातो, उन्हात घाईने वाळवली तर भेगा पडतात, आणि कारागिराला वेळ जास्त लागतो. पेणच्या कारखान्यांपासून सगळीकडे पीओपी रुजलं त्याला ही कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. पण पूजेच्या बाजूने बघायचं तर व्रताचं नावच पार्थिव गणेशपूजन आहे. पृथ्वीची म्हणजे मातीची मूर्ती, आणि विसर्जनाच्या मंत्रातही ‘पूजामादाय पार्थिवीम्’ असेच शब्द आहेत.

कोर्टाचं म्हणाल तर मेसेजने सोयीचं तेवढंच घेतलं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला दिली नाही. त्यानंतर जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करायचा आदेश आला. म्हणजे घरगुती मूर्तीला नदी, तलाव, समुद्र मोकळा झालेला नव्हता. हा आदेश मार्च २०२६ पर्यंतचा होता, त्यामुळे मूर्ती ठरवण्याआधी आपल्या पालिकेची त्या वर्षीची नियमावली वाचा.

ज्यांनी मेसेज वाचून मूर्ती आधीच खायच्या सोड्यात ठेवली आहे त्यांनी घाबरू नये. मूर्ती बाहेर काढा, साध्या पाण्याने धुवा, वरचा पांढरा थर हाताने हलकेच पुसून घ्या आणि राहिलेल्या मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट घेऊन नव्या पाण्यात पुन्हा ठेवा, किंवा पालिकेच्या संकलन केंद्रात सन्मानाने द्या. सोड्याचं पाणी कुठल्याही झाडाला घालू नका. तुळशीला घालून झालं असेल तर आजच कुंडीच्या तळाचं भोक मोकळं करून, खालून पाणी वाहून जाईपर्यंत भरपूर साधं पाणी द्या. एकेका तासाच्या अंतराने असं तीन-चार वेळा करा. तरी पाणी वरच तुंबत असेल तर तुळस मुळांवरची माती झाडून नव्या मातीत लावा, आणि जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.