अकरा महिन्यांचा अननस

आमच्याकडे पाहुणे आले तर त्यांना सध्या पाणी वाटीतून मिळतं. पेले सगळे कामावर आहेत. ओट्याच्या खिडकीत ते ओळीने उभे आहेत, प्रत्येकात दोन बोटं पाणी आणि त्या पाण्यात भाजीचा काहीतरी असा भाग, जो एरवी कचऱ्याच्या डब्यात गेला असता.

सुरुवात कांद्याच्या पातीने झाली. मुळांसकटची बुडं पाण्यात ठेवली की पात परत फुटते, हे कुठेतरी पाहिलं आणि ठेवली. चौथ्या दिवशी बोटभर हिरवे कोंब वर! पत्त्यांच्या अड्ड्यावर नवख्याला पहिला डाव मुद्दाम जिंकू देतात म्हणे. कांद्याच्या पातीने मला तसंच गंडवलं. त्या पातीचं पिठलं खाताना मी घरात पहिल्यांदाच "आपल्या शेतातलं" हा शब्द वापरला. बायको काही बोलली नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यानंतर आमच्या घरात काहीही मरेना. पुदिन्याच्या काड्यांना आठवड्याभरात मुळ्या फुटल्या. लसणाच्या पाकळ्यांना शेपट्या आल्या. टोपलीच्या तळाशी विसरलेल्या बटाट्यांना डोळे आले आणि ते माझ्याकडे बघू लागले. भाजी चिरताना बायको विचारायची, "हे टाकू, की ह्याचंही काही करायचंय?" देठ हातात धरून उभी राहायची, दवाखान्यात केसपेपर धरतात तशी.

कोथिंबिरीने मात्र इंगा दाखवला. जुडी मुळांसकट येते म्हणून पाण्यात उभी केली, तर पाच दिवसांत पिवळी पडून कुजली आणि खिडकीत चिलटं झाली. मग कळलं, धणेच पेरायला हवेत, तेही लाटण्याने रगडून. एका धण्यात दोन बिया असतात. रगडताना अर्धे धणे फ्रिजखाली गेले. उरलेले श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून त्यात पेरले. बारा दिवसांनी तीन काड्या उगवल्या. पोह्यांवर घालायला घेतल्या तर पोहे जास्त झाले.

गाजराची गोष्ट सांगताना अजून लाज वाटते. गाजराचा शेंडा बशीत ठेवला, वर छान नाजूक पालवी आली. खाली गाजर धरेल म्हणून मी पंधरा दिवस रोज सकाळी तो उचलून बघायचो. गाजर म्हणजे मूळच, आणि एकदा कापलं की ते पुन्हा वाढत नाही. वर फक्त पाला येतो, फार तर फुलं. हे मला कामाच्या मावशींनी सांगितलं, तेही शेंडा फेकून दिल्यानंतर. "दादा, तो बुळबुळीत झालता. आन् गाजर पेरावं लागतं." मी शोकसभा घेतली नाही, पण त्या दिवशी जेवणात कोशिंबीर गाजराची होती, ती मी खाल्ली नाही.

पावसाळ्यात डासांच्या अळ्या तपासायला टॉर्च घेऊन एक माणूस आला. कुंडीखालच्या ताटल्या बघून तो निघणार, एवढ्यात त्याला खिडकी दिसली. "पाण्याची भांडी किती?" मी मोजली. अकरा. त्याने ती वहीत लिहिली. माझं पीक सरकारदरबारी नोंदवलं गेलं ते एवढंच. "डेंगूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, साहेब. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा." तेव्हापासून रविवारी बायको सगळे पेले उपडे करून ठेवते आणि त्याला ड्राय डे म्हणते.

आईला फोनवर हे सगळं कौतुकाने सांगितलं. तिचं बालपण कोकणातलं. ती म्हणाली, "अरे, भोपळ्याच्या बिया आम्ही उकिरड्यावर फेकायचो. वेल आपोआप गोठ्यावर चढायचा. न्हाणीच्या पाण्यावर अळू माजायचं. पेल्यात कोण ठेवत बसलं होतं?" मग जरा थांबून, "पेले कुठले? मी दिलेले?"

आलं मात्र मी शास्त्राप्रमाणे अक्षय्यतृतीयेला लावलं होतं. अंगठ्याएवढा तुकडा, डोळा वर करून. जानेवारीत पानं पिवळी पडली, तेव्हा घरच्यांना बोलावून डबा उपडा केला. दोन अंगठे आलं निघालं. त्यातला एक मी लावलेलाच होता. दुपारचा चहा झाला. नऊ महिन्यांचा एक चहा.

राहता राहिला अननस. त्याचा तुरा पिळून काढायचा, दोन दिवस सुकवायचा, पाण्यात मुळ्या धरल्या की कुंडीत लावायचा. सगळं जमलं. पानं अशी तरारली की गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्याचे हात ओरबाडून निघत. फळ कधी, तर घरातल्या कुंडीत दोन-तीन वर्षं.

"आपला भाडेकरार किती महिन्यांचा आहे?" बायकोने विचारलं.

अकरा.

मार्चमध्ये मालकांना जागा मुलासाठी हवी झाली. सामान टेम्पोत गेलं, पेले पहिल्यांदा धुऊन कागदात गुंडाळले गेले. टेम्पोवाला कुंडी घेईना, पानं टोचतात म्हणून. बायको टेम्पोत पुढे बसून गेली आणि मी मांडीवर कुंडी घेऊन रिक्षात बसलो. आरशातून रिक्षावाला बराच वेळ बघत होता.

"काय झाड आहे, साहेब?"

"अननस."

"कुठाय?"

"येईल अजून दोन वर्षांनी."

त्याने मीटर टाकलं. "मग घाई नाही ना? जाता जाता गॅस भरून घेतो."