१६ के म्हणजे मेटल, ८ के म्हणजे ब्लूज: असं काही नसतं

एक तक्ता कित्येक वर्षं गिटारवाले एकमेकांना पाठवतायत. डावीकडे किलोओहमचा आकडा, उजवीकडे संगीताचा प्रकार. ब्रिज पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, ब्रिजजवळचा कॉइल-मॅग्नेटचा भाग) ७-८ के, म्हणजे किलोओहम, असेल तर ब्लूज, १० ते १२ असेल तर रॉक, १४ च्या वर गेलं की हेवी आणि १६ च्या वर थेट मेटल. खाली फुकटचे सल्ले: मॅग्नेट सिरॅमिकच हवं, अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं मॅग्नेट) म्हाताऱ्यांसाठी; जमलं तर सरळ ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाला पिकअप टाका; कंपनीने दिलेला पिकअप कचराच असतो; आणि कुठलाही हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) कुठल्याही हंबकरच्या जागी बसतो, काढा नि लावा. दिसायला एकदम सोपं आहे, म्हणूनच पसरतं. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर अर्धवट आहे नाहीतर सरळ चूक, आणि त्यावर भरवसा ठेवून लोक चांगला पिकअप काढून गिचमिड वाजणारा बसवतात आणि मग ॲम्पला शिव्या घालतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पहिला आणि मुख्य: जितके जास्त के तितका पिकअप हेवी.

हा ‘के’ म्हणजे काय मोजलेलं असतं ते आधी बघा. मल्टिमीटरची दोन टोकं पिकअपच्या दोन वायरींना लावली की जो आकडा येतो तो तांब्याच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स, बस. तार किती लांब आणि किती बारीक आहे एवढंच तो सांगतो. आवाज किती मोठा, किती जाड, किती धारदार हे त्यात कुठेच नाही, म्हणजे हे पाइपाची लांबी मोजून पाण्याची चव सांगण्यासारखं झालं. हंबकरमध्ये जुन्या पद्धतीने ४२ गेजची तार वापरतात, पण तेवढेच वेढे ४३ गेजच्या तारेने दिले तर तार बारीक असल्यामुळे रेझिस्टन्स साधारण २५ टक्के वाढतो, ८ के चा १० के होतो. वेढे तेवढेच, मॅग्नेट तेच, म्हणजे आउटपुट जवळपास तेवढंच, पण तक्त्यानुसार तुमचा ब्लूज पिकअप रात्रीत रॉक पिकअप झाला!

अजून गंमत म्हणजे तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. २० अंशाला १६ के दाखवणारा पिकअप ३० अंशाला १६.६ च्या आसपास दाखवतो. त्यामुळे १६.२ घेऊ की १६.६ घेऊ यावर तासन्‌तास चर्चा करणाऱ्यांनी खोलीचा पंखा चालू होता की बंद तेही लिहावं.

आणि रेकॉर्डवर काय झालंय ते बघा ना. माल्कम यंगच्या ग्रेच गिटारवर ब्रिजला एकच फिल्टरट्रॉन होता, त्या जातीच्या पिकअपचा रेझिस्टन्स असतो ४-५ के. एसी/डीसीची ती रिदम गिटार कुणाला हलकी वाटत असेल तर त्याने हात वर करावा. टोनी आयोमीने ब्लॅक सॅबथच्या सुरुवातीला गिब्सनची एसजी गिटार वाजवली ती पी-९० पिकअपवाली, म्हणजे सिंगल कॉइल. एडी व्हॅन हेलनने आपल्या घरच्या घरी जोडलेल्या गिटारमध्ये गिब्सनचा जुना पीएएफ हंबकर टाकला होता, आणि पीएएफ म्हणजे ७ ते ९ के च्या घरातला, तक्त्याप्रमाणे ब्लूजचा पिकअप. आता कुणी म्हणेल की हे सगळे मोठे लोक, त्यांच्या बोटांत जादू. असेलही, पण मग तक्ता कशाला हवा?

मग हे जास्त के चं खूळ आलं कुठून? त्यामागे खरं कारण आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. १९७२ साली लॅरी डिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शन नावाचा पिकअप आणला, सिरॅमिक मॅग्नेट, १३-१४ के, त्या काळच्या मानाने प्रचंड आउटपुट. त्या काळच्या बहुतेक ॲम्पमध्ये गेन (सिग्नल वाढवून फाटवायची ताकद) कमीच असायचा, मास्टर व्हॉल्यूमसुद्धा (एकूण आवाज वेगळा कमी करायचं बटण) सगळ्यांना नसायचा, मार्शलचा मास्टर व्हॉल्यूमवाला २२०३ आला १९७५ मध्ये. तेव्हा डिस्टॉर्शन हवं तर दोनच रस्ते, एकतर ॲम्प कान फाटेपर्यंत वाढवा नाहीतर पुढून जास्त सिग्नल ढकला. तेव्हा गरम पिकअप ही खरीच गरज होती. आज ज्याच्याकडे हाय गेन ॲम्प आहे किंवा नुसता मॉडेलर (ॲम्पचा आवाज डिजिटली बनवणारं यंत्र) आहे त्याच्याकडे गेनची कमतरता नाहीच. पिकअपचं आउटपुट दुप्पट झालं तरी फरक पडतो ६ डेसिबलचा. १२एएक्स७ ट्यूबची एकच स्टेज सिग्नल पन्नासेक पट करते, म्हणजे ३४ डेसिबलच्या आसपास, आणि हाय गेन प्रीॲम्पमध्ये अशा तीन-चार स्टेज एकामागे एक असतात. तुमचे ते ६ डेसिबल गेनचं बटण थोडं फिरवलं की मिळतात. जुना सिंगल चॅनल ॲम्प आहे, पेडल वापरायचं नाही आणि तरी क्रंच हवाय, तर मात्र जास्त आउटपुटवाला घ्या, तिथे तो खरोखर उपयोगी पडतो.

पण जास्त वेढ्यांनी एक गोष्ट नक्की होते, आणि ती तक्त्यात लिहिलेली नाही. वेढे वाढले की इंडक्टन्स (बदलत्या सिग्नलला कॉइलचा विरोध, वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त) वाढतो. पीएएफ जातीच्या पिकअपचा साधारण साडेचार हेन्री, आणि सेमूर डंकन कंपनीच्या जेबीसारख्या १६ के वाल्याचा आठ-साडेआठ. पिकअपचा हा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक शिखर (रेझोनंट पीक) तयार होतं, त्याच्या वरची फ्रिक्वेन्सी झपाट्याने पडते. पाचेक मीटरची साधी केबल धरली, पिकअपची स्वतःची कपॅसिटन्स धरली, एकूण ६०० पिकोफॅरड, तर साडेचार हेन्रीवाल्याचं शिखर येतं साधारण ३.१ किलोहर्ट्झला आणि साडेआठवाल्याचं २.२ ला. पिकचा जो टक्‌ असा धारदार आघात असतो तो नेमका या भागात असतो. म्हणजे १६ के वाला पिकअप जाड, मिड्सवाला वाटतो, सोलोला मस्त, पण तीच गिटार ड्रॉप सी ला (सगळ्यात खालची तार सी पर्यंत उतरवून) लावून पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून दाबलेला आघात) मारायला लागलात की सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झवर, वरची धार गेलेली, आणि रिफ ऐकू येण्याऐवजी नुसतं घुरघुर ऐकू येतं. हेवी आवाजाला जाडी लागते हे अर्धंच खरं, त्याला धारही लागते, आणि धार कमी असलेला पिकअप घेऊन ट्रेबलचं बटण वाढवलं तर हिस वाढतो, धार येत नाही.

शिवाय लो एंड, म्हणजे खालचा बास, घट्ट का वाटतो याचं उत्तर बऱ्याचदा पिकअपमध्ये नसतंच. इतके मेटलवाले हाय गेन ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात, ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण, ते कशासाठी? ते पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग डिस्टॉर्शनच्या आधीच हळूहळू कमी करतं. खालचा बास कमी होऊन गेनमध्ये गेला की पाम म्यूट टणक होतात. मग पिकअप निवडताना तेच डोक्यात ठेवायचं: खालचा बास किती येतोय आणि वरची धार किती टिकतेय. कंपन्या रेझोनंट पीक नाहीतर इंडक्टन्स बऱ्याच पिकअपला देतात, ते बघा, आणि एकाच कंपनीचे दोन पिकअप शेजारी ठेवून बघा, कारण मोजायची पद्धत प्रत्येकाची वेगळी.

विश्वास बसत नसेल तर आहे त्या चार वायरवाल्या हंबकरच्या दोन कॉइल सिरीजऐवजी पॅरलल जोडून ऐका. १६ के चा पिकअप मीटरवर ४ के दाखवेल, आवाज कमी होईल आणि धार भरपूर वाढेल. ॲम्पचा गेन वाढवून तोच रिफ वाजवा. काहींना हेच आवडतं आणि नवा पिकअप घ्यायचा राहून जातो.

दुसरा मुद्दा, सिरॅमिक म्हणजे मेटल आणि अल्निको म्हणजे ब्लूज. यावर फार वेळ घालवायची गरज नाही. सेमूर डंकनचे तीन पिकअप आहेत, कस्टम, कस्टम ५ आणि कस्टम कस्टम. वाइंडिंग तेच, १४ के च्या आसपास, फक्त मॅग्नेट वेगळं: पहिल्यात सिरॅमिक, दुसऱ्यात अल्निको ५, तिसऱ्यात अल्निको २. तिघांचा स्वभाव वेगळा आहे हे खरं, सिरॅमिकवाला जास्त आक्रमक आणि घट्ट, अल्निको २ वाला मऊ, मिड्स पुढे आलेले. पण तिन्हींवर हेवी रॉक वाजतं. जेबी स्वतः अल्निको ५ चा आहे आणि हेवी गिटारांमध्ये तो इतका दिसतो की अल्निको ब्लूजवाल्यांचं हे म्हणणाऱ्याने तो कधी उघडून पाहिलेला नसावा. उलट सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिक आहे आणि व्हॉल्यूम ५ वर आणून त्यावर छान क्रंची रॉक अँड रोल वाजतं. माझं मत विचाराल तर तीक्ष्ण वाजणाऱ्या गिटारला अल्निको बघा आणि ढिम्म, बासवाल्या गिटारला सिरॅमिक. नियम नाही, पण सुरुवात म्हणून बरं.

तिसरा, ॲक्टिव्ह टाका, विषय संपला.

ईएमजी ८१ हा ॲक्टिव्ह पिकअप चांगला आहे, वाद नाही. पण लोक समजतात की ॲक्टिव्ह म्हणजे पॉवर जास्त. आतमध्ये असतो तो छोटा प्रीॲम्प, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्यामुळे आउटपुट लो इंपीडन्स होतं, लांब केबल लावली तरी ट्रेबल जात नाही, हम कमी येतो आणि आवाज ठरवून दिलेल्या साच्यातला, प्रत्येक गिटारमध्ये बऱ्यापैकी सारखा येतो. फायदा तोच आणि तक्रारही तीच. व्हॉल्यूम खाली आणून क्लीन व्हायची सवय असेल तर तो तुम्हाला निर्जीव वाटू शकतो. आणि मीटर लावून त्याचे के मोजायला जाऊ नका, तो आकडा कॉइलचा नसतोच, म्हणजे तक्त्यात ॲक्टिव्ह कुठे बसवायचा हे तक्ता बनवणाऱ्यालाही माहीत नसणार.

घ्यायचाच असेल तर आधी मागचं झाकण उघडून बॅटरीला जागा आहे का ते बघा. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे पोटेन्शिओमीटर) २५ के चे लागतात, तुमच्या गिटारमधले ५०० के चे ठेवले तर व्हॉल्यूम नॉब स्विचसारखा वागतो. जॅक स्टिरिओ लागतो, केबल खोचली की बॅटरी सुरू, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची. फक्त ब्रिजला ॲक्टिव्ह आणि नेकला जुना पॅसिव्ह ठेवायचा असेल तर पॉटचा घोळ होतोच, शक्यतो टाळा.

चौथा, कंपनीचा पिकअप कचराच असतो. काही असतात, सगळे नाहीत, आणि ओळखायला पैसे लागत नाहीत. सगळ्या तारा तळहाताने दाबून धरा, गेन वाजवता तेवढाच ठेवा आणि पिकच्या टोकाने पिकअपच्या अंगावर हलकं टकटक करा. ॲम्पमधून मायक्रोफोनवर बोट मारल्यासारखा मोठा ठकठक आवाज आला आणि गेनवर तो शिट्टी मारत असेल तर पिकअपची कॉइल मेणात नीट बुडवलेली नाही, तो बदलाच. तसं नसेल तर आधी उंची बघा. दोन्ही बाहेरच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबायच्या आणि पोलपासून (पिकअपवरच्या धातूच्या खुंटापासून) तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायचं: जाड तारेला २ मिलिमीटर, बारीक तारेला दीड, इथून सुरुवात. बहुतेक गिटारांत जाड तारेची बाजू उगाच वर आलेली असते आणि लोक त्या गिचमिडीला पिकअपचा दोष म्हणतात. स्क्रू अर्धा फेरा खाली, परत रिफ वाजवा, परत अर्धा फेरा. आवाज नुसताच कर्कश असेल तर ५०० के चा व्हॉल्यूम पॉट काढून २५० के चा टाकून बघा, शिखर बसतं. हे सगळं करूनही जमलं नाही तर नक्की काय खटकतंय ते एका वाक्यात लिहा, “पाम म्यूट सैल आहेत” किंवा “सोलो पातळ वाटतो” असं. पहिल्याला मध्यम आउटपुट, घट्ट बास, शिखर वर असलेला पिकअप. दुसऱ्याला जास्त वेढ्यांचा, मिड्सवाला. नुसतं “अजून हेवी हवाय” यावर कुठलाच पिकअप निवडता येत नाही.

शेवटचा, कुठलाही हंबकर कुठेही बसतो. खाच एकच असते, बसतो, पण पोलचं अंतर दोन प्रकारचं येतं, गिब्सन पद्धतीच्या ब्रिजला साधारण ४९-५० मिलिमीटर आणि ट्रेमोलोवाल्या गिटारला ५२-५३. तारा पोलच्या थोड्या बाजूने गेल्या तर आवाज फारसा बदलत नाही, दिसायला खटकतं इतकंच, तरी नवीन घेतच असाल तर योग्य तो मागवा. खरी चूक होते ती वायरींच्या रंगात. डंकनमध्ये काळी हॉट, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की पिकअप अर्धमेला वाजतो आणि दोष बिचाऱ्या कंपनीवर जातो. आणि रंग बरोबर जोडूनही स्विच मधे ठेवल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर नेक पिकअपशी फेज उलटी झालीये. नव्या पिकअपची हॉट आणि हिरवी यांची अदलाबदल करा, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.