मेंटेनन्सवर करसवलत? त्या मेसेजमधला एकेक दावा तपासू

रिटर्न भरायचे दिवस आले की सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘मेंटेनन्स, सिंकिंग फंड, मालमत्ता कर, सोसायटीच्या शेअर्सची रक्कम, सगळं ८०सीत बसतं. पावत्या जपून ठेवा.’ ८०सी म्हणजे ठरावीक गुंतवणुकी आणि खर्चांवर वजावट देणारं आयकराचं कलम. यातलं काहीही ८०सीत बसत नाही. मालमत्ता कराची वजावट आहे, पण ती दुसऱ्या कलमात. (कलमांचे आकडे १९६१च्या आयकर कायद्यातले; १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात ते बदलले आहेत.)

‘मेंटेनन्स वजा होतो.’
राहत्या घराचा नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातूनही कलम २४ दोनच वजावटी देतं: ३० टक्के सरसकट आणि कर्जाचं व्याज. लिफ्ट, वॉचमन, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी), नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (घर भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते शुल्क), सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. तुमचा खर्च शून्य असला तरी ३० टक्केच, जास्त असला तरी ३० टक्केच. अपवाद एक: फ्लॅटमध्ये स्वतःचा व्यवसाय चालत असेल आणि हिशेबाची वह्या-पुस्तकं ठेवली असतील, तर तेवढ्या भागाचा मेंटेनन्स धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो.

‘मालमत्ता कर वजा होतो.’
भाड्याने दिलेल्या घराचा होतो, राहत्याचा नाही. राहत्या घराचं वार्षिक मूल्य, म्हणजे घरापासूनचं मानलेलं उत्पन्न, शून्य धरतात, मग वजा करणार कशातून? खरा घोळ पुढे आहे. पालिकेचं बिल बऱ्याचदा अख्ख्या इमारतीचं, सोसायटीच्या नावानं येतं आणि तुमचा वाटा मेंटेनन्सच्या बिलात मिसळतो. म्हणून सेक्रेटरींकडून दोन कागद घ्या: तुमच्या फ्लॅटचा कराचा वाटा वेगळा दाखवणारं पत्र आणि पालिकेच्या पावतीची प्रत. वजावट प्रत्यक्ष भरणा झालेल्या वर्षातच मिळते. सोसायटीने मार्चमध्ये तुमच्याकडून पैसे घेऊन पालिकेत एप्रिलमध्ये भरले असतील, तर पुढचं वर्ष धरणं सुरक्षित. थकबाकीलाही हाच नियम.

समजा भाडं महिना २५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३,००,०००. मालमत्ता कर १२,००० वजा केला, उरले २,८८,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ८६,४००. करपात्र उत्पन्न २,०१,६००. मेंटेनन्स महिना ४,००० भरत असाल तरी आकडा तोच राहतो. हा हिशेब नव्या करप्रणालीतही (दर कमी, पण वजावटी मोजक्याच) चालतो, हे मात्र मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही!

‘शेअर्स आणि प्रवेश फी ८०सीत.’
सभासद होण्यासाठी भरलेली प्रवेश फी, शेअर्सची किंमत आणि सुरुवातीची ठेव या तिन्ही गोष्टी ८०सीने नाव घेऊन वगळल्या आहेत. बसतं ते गृहकर्जाचं मुद्दल, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. एकूण मर्यादा १,५०,००० रुपये, तीही फक्त जुन्या करप्रणालीत. ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर आधी घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात पुन्हा जोडली जाते.

‘दुरुस्तीचा खर्चही दाखवा.’
खर्च नाही, दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज. राहत्या घरासाठी ३०,००० रुपयांपर्यंत, गृहकर्जाच्या व्याजाच्या २ लाखांच्या एकूण मर्यादेतच, आणि जुन्या प्रणालीत.

‘कोण तपासतंय?’
खोटी वजावट ही चुकीची माहिती देणं ठरली, तर कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे. कर आणि व्याज वेगळं.