‘आता तुम्हीच माध्यम’ म्हणे!

नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेतली निवडणूक आटोपली आणि इलॉन मस्क यांनी आपल्या मालकीच्या एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, लिहिलं की आता तुम्हीच माध्यम आहात. ते वाक्य अजून फिरतंय आणि सोबत बहुतेकदा हेच चार दावे असतात: बातमी आधी इथेच फुटते, खोटं असेल तर लोकच ते उघडं पाडतात, इथे डोक्यावर संपादक नाही, आणि इथे उमटतो तोच जनतेचा आवाज. पत्रकारांवर लोक चिडले आहेत आणि त्याला कारणंही आहेत. तरी हे दावे जसेच्या तसे गिळण्यासारखे नाहीत.

‘बातमी आधी इथेच फुटते’

इथे लादेनचं उदाहरण हमखास येतं. मे 2011 मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादच्या एका संगणक व्यावसायिकाने रात्री एकच्या सुमारास ट्विट केलं की हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. अगदी खरं. पण आपण ऐकली ती लादेनवरच्या अमेरिकी कारवाईची हेलिकॉप्टर होती, हे त्याला काही तासांनी कळलं. लादेन मारला गेल्याचं गाजलेलं ट्विट वेगळ्याच माणसाचं होतं. एका माजी अमेरिकी संरक्षणमंत्र्यांच्या सहायकाने ओबामांच्या भाषणाआधीच ते केलं, आणि जुनी माध्यमं संपल्याचा गजर लगेच सुरू झाला. मग त्या गृहस्थांनीच खुलासा केला, की ही खबर मला एका टीव्ही वाहिनीच्या बातमी-निर्मात्याकडून मिळाली!

साक्षीदाराचं मोल मी कमी करत नाही. जानेवारी 2009 मध्ये हडसन नदीत उतरलेल्या विमानाचा फोटो फेरीबोटीतल्या प्रवाशाने टाकला, तिथे कुठलाही वार्ताहर वेळेत पोहोचला नसता. पण प्रत्येक बातमी डोळ्यांसमोर घडत नाही. पनामा पेपर्स म्हणजे परदेशी कंपन्यांआड दडवलेल्या पैशांबद्दलची, फुटलेली 1 कोटी 15 लाख कागदपत्रं होती. 370 हून जास्त पत्रकार वर्षभर गुपचूप ती वाचत बसले, म्हणून एप्रिल 2016 मध्ये आपल्याला त्यावर ट्विट करता आलं.

‘खोटं असेल तर लोकच पकडतात’

चौघांतला हा सगळ्यात धोकादायक दावा. एप्रिल 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. रेडिट हे चर्चेचं संकेतस्थळ आणि ट्विटर यांवरच्या हौशी शोधकांनी फोटो ताडून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचं नाव रात्रभर फिरलं, काही पत्रकारांनीही ते पुढे ढकललं. मुलाच्या शोधात असलेल्या घरच्यांवर शिव्यांचा भडिमार झाला. खरे संशयित दुसरेच निघाले. या मुलाचा मृतदेह काही दिवसांनी सापडला, आणि स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. चूक दुरुस्त झाली, हे कबूल. पण ती कुणी करायची, आणि त्या घरच्यांनी जाब विचारायचा कुणाला? रेडिटने माफी मागितली. नाव पुढे ढकलणारे हजारो जण आपापल्या पुढच्या पोस्टकडे वळले. वर्तमानपत्राची चूक झाली तर निदान दार ठोठवायला एक पत्ता असतो, नोटीस पाठवायला एक नाव असतं. माझ्या लेखी पत्रकारिता म्हणजे हेच: ‘तुम्हाला हे कसं कळलं?’ असं कुणीतरी विचारू शकतं आणि समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

शिवाय दुरुस्ती मागेच पडते. ‘सायन्स’ नियतकालिकात 2018 मध्ये एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला. 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार गोष्टी त्यांनी तपासल्या. खोटी गोष्ट रीट्विट होण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त होती, आणि 1500 लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या गोष्टीला सुमारे सहापट वेळ लागत होता. हा दोष बॉट्सचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांचाही नव्हता, पसरवणारी माणसंच होती. आणि यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं, हे संशोधकांनी ठरवलं ते सहा तथ्यतपासणी संस्थांच्या निकालांवरून. गर्दीला विचारून नव्हे.

‘इथे संपादक नाही’

आहे की! फक्त त्याचं नाव छापलेलं नसतं. काय वर दिसेल आणि काय तळाशी जाईल हे अल्गोरिदम ठरवतो, आणि अल्गोरिदमला मालक असतो. डिसेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स, सीएनएन, वॉशिंग्टन पोस्टच्या काही पत्रकारांची खाती ट्विटरवर अचानक बंद झाली आणि काही दिवसांनी बरीचशी परतही आली. तेव्हा मालक कोण होते, ते वर पहिल्याच ओळीत आलं आहे.

‘हाच जनतेचा आवाज’

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये मोजलं, तेव्हा अमेरिकेतल्या प्रौढ वापरकर्त्यांचे 80 टक्के ट्विट फक्त 10 टक्के लोक करत होते. उरलेले बहुतेक वाचून पुढे सरकत होते. या आवाजाला जनतेचा आवाज म्हणायची सवय मात्र एक्सने एकट्याने लावलेली नाही, त्यात न्यूजरूमचा हात मोठा आहे. पाच-सहा पोस्ट चिकटवायच्या, वर ‘नेटकरी संतापले’ असा मथळा द्यायचा, की झाली बातमी. किती नेटकरी, कोण, कुठले, हे त्यात कधीच नसतं, कारण लिहिणाऱ्यानेही त्यांच्यापैकी कुणाला काही विचारलेलं नसतं.